वाढत्या अंगाचं माप

चित्र कोपऱ्यात होतं. वाशीच्या त्या दुकानात उंच टेबलावर कलती ठेवलेली चित्रं काढायची भलीमोठी काचेची डिजिटल पाटी, जुनेराच्या हातात तिचं पेन, आणि आजूबाजूचं भान सोडून तिने काढलेली एक होडी. होडीत दोन खलाशी, त्यांच्या डोक्यावर टोप्या, पुढच्या टोकाला नाळेवर एक बगळा. सगळं नेटकं, जिथल्या तिथे. फक्त ते सगळं पाटीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात होतं आणि त्याने व्यापलेली जागा बरोबर तिच्या मोबाइलएवढी होती. बाकीची काच पांढरीशुभ्र, रिकामी पडलेली. दुकानातला पियूष नावाचा मुलगा मघापासून शेजारी उभा होता. बाईंना उरलेली काच चालत नाही असं वाटत असावं, अशा समजुतीने तो मऊ आवाजात म्हणाला, "मॅडम, पूर्ण स्क्रीन चालते. कुठेही काढा." जुनेरा हसली, हो म्हणाली, आणि होडीखालच्या पाण्याची रेघ ओढत उजवीकडे निघाली. चार बोटं गेली असेल नसेल, रेघ थांबली. काचेने थांबवली नव्हती. हातच थांबला, खुंट्याला बांधलेली शेळी दोरी संपली की थांबते तसा. तिने पुन्हा ओढली. पुन्हा तिथेच. मग तिने पेन त्याच्या खाचेत ठेवलं, सर्वांत लहान पाटी कुठली ते विचारलं, तिच्याकडे नुसतं पाहिल्यासारखं केलं आणि बाहेर पडली.

पनवेलच्या बसमध्ये ती उजवा हात मांडीवर उताणा ठेवून बसली. भीतीपेक्षा नवल जास्त होतं तिला. इतकी वर्षं आपल्याच खांद्याला लटकलेला हात, आणि त्याने आपल्याला न विचारता स्वतःभोवती कुंपण घालून घेतलं. कधी घातलं? कॉलेजला पनवेलला आली तेव्हा अब्बांनी मस्कतहून मोबाइल पाठवला होता. इनशा या मैत्रिणीबरोबर भाड्याने घेतलेल्या खोलीत एक टेबल, तेही इनशाच्या पुस्तकांचं. मग जुनेरा खाटेवर पडून, भिंतीला पाय लावून, बोटाने मोबाइलवर चित्रं काढायची. बोट जाडं, चित्र बारीक. मोठं करून काढायचं, लहान करून बघायचं, पुन्हा मोठं करायचं. त्यातच ती तरबेज झाली. मासिकांत चित्रं आली, शाळेच्या पुस्तकांत आली, लोक म्हणू लागले की काय बारकावे आहेत हिच्या हाताला. बारकावे होतेच. दाण्याएवढ्या माणसाच्या दाण्याएवढ्या कपाळावर ती आठी काढून दाखवायची. आणि गेल्या पंधरवड्यात दादरच्या प्रकाशनातल्या कोकिळाबाईंनी तिच्या नव्या पुस्तकाची कच्ची पानं भिंतीवर मोठी करून लावली. किनाऱ्यावरच्या मुलांची गोष्ट, प्रत्येक चित्र दोन पानांवर पसरलेलं, मुखपृष्ठावर पहिल्यांदाच जुनेराचं नाव येणार होतं. कोकिळाबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग त्या चढ्या आवाजात न बोलता म्हणाल्या, माणसं फार गोड आहेत गं, पण समुद्र कुठे आहे? जुनेराने बोट दाखवलं. समुद्र होता. माणसांच्या मागे एक निळी रेघ होती. कोकिळाबाईंनी ईदपर्यंत थांबायचं कबूल केलं. तोवर एक पान जरी समुद्र घेऊन आलं तर पुस्तक तिचं, नाहीतर ते दुसऱ्या कोणाकडे द्यावं लागेल. मोठ्या पाटीवर काढून बघ, असं त्यांनीच सुचवलं होतं.

तर मोठी पाटी बघायला गेलेली जुनेरा लहान पाटी घ्यायची असं ठरवून परतली. खोलीवर येताच तिने बिस्किटांचा खोका कापला आणि पाटीच्या तिन्ही मापांचे पुठ्ठे केले, लहान, मधला, मोठा. ते आळीपाळीने मांडीवर घेऊन ती बसली. लहान पुठ्ठा शहाण्यासारखा मांडीवर मावला. तो झोळीत जातो, बसमध्ये उघडता येतो, हलका आहे, खाटेवर पडून काढता येईल, इनशाचं टेबल मागावं लागणार नाही. कारणं भराभर सुचत गेली आणि एकही खोटं नव्हतं, म्हणून तर तिला स्वतःची शंका आली. मोठा पुठ्ठा मांडीवर घेतला की दोन्ही गुडघे झाकले जायचे. एवढ्या जागेत काय काढायचं? एवढी जागा भरेल इतकं आपल्यात आहे का? लहान काचेत माणूस आपलं बारीकपण कौशल्य म्हणून खपवू शकतो. मोठ्या काचेत ते उघडं पडतं. हे तिला त्या कोपऱ्यातल्या होडीने सांगितलं होतं. तरीही, आणि हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं, ती काच तिला पुन्हा पुन्हा आठवत होती. पेन टेकवण्याआधीच तिच्यावर काही उमटेल असं वाटायचं. दाबलं की रेघ जाड, सोडलं की केसासारखी. आणि सबंध तळवा काचेवर टेकवला तरी काचेला कळत होतं की हा हात आहे, ही रेघ नाही. हात आणि रेघ यातला फरक ओळखणारी वस्तू जुनेराने आयुष्यात पहिल्यांदा पाहिली होती.

शनिवारी ती बोर्ली पंचतनला घरी गेली ते पुठ्ठे घेऊनच. तिचे अब्बा नजमुद्दीन मस्कतच्या एका गोदामात उमर घालवून आता कायमचे परत येणार होते, आणि येताना लेकीची पाटी आपण आणणार असं त्यांनी फोनवर जाहीर करून टाकलं होतं. आजवर त्यांनी घोंगड्या आणल्या, अत्तरं आणली, बदामाची चॉकलेटं आणली. शेवटच्या खेपेला तिच्या कामाची एक तरी वस्तू आणावी असं त्यांच्या मनात होतं. जुनेराने पाटीचं नाव लिहून पाठवलं. अब्बा दुकानात जाऊन आले आणि म्हणाले की त्या नावाच्या तिथे ओळीने लावल्यात, दुकानदार विचारतो केवढी, मी काय सांगू? तिने इंच सांगितले. इकडे चुलीपाशी अम्मी, म्हणजे हुस्नबानू, नाकाने हसली. कारण इंचांवरचा या घराचा विश्वास टीव्हीने घालवला होता. टीव्ही आणायच्या आधी अम्मीने सुताराकडून भिंतीत कोनाडा करून घेतला, टीव्हीचे इंच विचारून अगदी तेवढाच रुंद. मग टीव्ही आला तो कोनाड्यात दोन्ही बाजूंनी खुळखुळायला लागला. दुकानवाले कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात हे नंतर कळलं. त्या दिवसापासून इंच हे खोटारड्यांचं माप, असं अम्मीने ठरवून टाकलं होतं. अब्बा म्हणाले, "इंच राहू दे. तू आपला धागा पाठव."

धागा. जुनेराला वाटलं होतं की धागे मोबाइलबरोबर संपले. ती लहान असताना आखातात माणूस असलेल्या घरांत हे चालायचंच. पायाचं माप, मनगटाचं माप, खिडकीच्या पडद्याचं माप, सगळं धाग्याने घ्यायचं. एका टोकाला गाठ मारायची, दुसरीकडे कापायचं, कागदात गुंडाळून तिकडे निघालेल्या कोणाच्या तरी हातात द्यायचं. दर सालाला अम्मी तिला ओट्यावर उभी करून पायाखालून धागा घ्यायची, आणि कापताना नेहमी दोन बोटं पुढे सरकून कापायची. वाढत्या अंगाचं माप म्हणायची ती. धागा जाणार, बूट घेतले जाणार, अब्बांना रजा मिळणार, तोवर पोरीचा पाय काय थांबून राहणार आहे? म्हणून बूट यायचे ते मोठेच. मग पुढे कापूस कोंबायचा. हळूहळू कापूस कमी होत जायचा, आणि बूट अगदी अंगासरसा झाला म्हणता म्हणता बोट टोचायला लागायचं, की पुढला धागा. जुनेराचं सगळं बालपण असं थोडं सैल तरी नाहीतर थोडं घट्ट गेलं. अब्बांना ती धाग्यांवरून माहीत होती. एवढा पाय, एवढं मनगट, एवढी कंबर. ते घरी आले की पहिल्यांदा तिच्याकडे असे बघायचे की मापात काही गफलत झाली असावी, आणि महिन्याभरात त्यांची नजर सरावते न सरावते तोच परत निघायचे. अब्बांचं प्रेम होतं यात तिला कधी शंका वाटली नाही. पण त्यांनी तिला चित्र काढताना कधीच पाहिलं नव्हतं. चित्रं पाहिली होती, मोबाइलवर, चष्मा कपाळावर सरकवून. आणि माशाअल्ला म्हणून लगेच जेवलीस का ते विचारलं होतं.

चुलतभाऊ अफान सोमवारी मस्कतला निघणार होता, तो धाग्यासाठी दारात येऊन उभा राहिला आणि हसत सुटला. मोठी माणसं तुम्ही, म्हणाला, तिकडे दुकानात मी हा धागा काढला तर मला बाहेर काढतील. अम्मीने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तिने शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा काढला, जुनेराने पुढे केलेला पुठ्ठा, तो लहानच, ओट्यावर उताणा ठेवला, आणि वरच्या कडेला दोरा धरून चष्म्यातून बघू लागली. जुनेरा तेवढ्यात चहाच्या कपबशा आत ठेवायला गेली. ती परत आली तेव्हा दोरा कापून, गाठ मारून, कागदात जाऊन बसला होता आणि कागद अफानच्या पासपोर्टमध्ये. झालं म्हणायचं. लहान पाटी येणार होती. तिला हायसं वाटलं, आणि त्याच वेळी कोणीतरी दार लावून घेतल्यासारखंही वाटलं.

त्या संध्याकाळी ती दिवेआगरच्या पुळणीवर गेली. ओहोटी होती. वाळू ओली, सपाट, पार पाण्यापर्यंत गेलेली. आणि तिला काहीच कारण नसताना ते विमान आठवलं. सहासात वर्षांची असेल. अब्बा नुकतेच परत गेले होते, आणि कोणीतरी तिला सांगितलं होतं की विमानं या समुद्रावरूनच जातात. मग तिने सुरूची एक वाळकी फांदी घेतली आणि वाळूवर विमान काढायला लागली. वरून दिसायला हवं, म्हणून खऱ्या विमानाएवढं. खरं विमान केवढं असतं ते तिला माहीत नव्हतं, त्यामुळे ती चालतच राहिली. फांदी मागे ओढत, वाकून, धावत, एक पंख पाण्याकडे, दुसरा सुरूच्या बनाकडे. काढताना ते विमान दिसत नव्हतंच. पायाखाली नुसती रेघ होती आणि बाकी सगळं डोक्यात होतं. दुसरा पंख बनाकडे गेला तिथे अम्मी कोणा बाईशी बोलत बसली होती. रेघ अम्मीच्या पायाशी आली. अम्मीने बोलणं न थांबवता पाय उचलला, रेघ खालून जाऊ दिली, आणि पाय पुन्हा खाली ठेवला. जुनेरा थांबली नव्हती. भरतीने ते विमान नेलं असणार, ते तिला आठवत नव्हतं. पण रेघ ओढताना हात खांद्यापासून निघायचा, पाठ वाकायची, श्वास लागायचा, हे आत्ता तिच्या अंगालाच आठवलं, आणि ती तिथे उभ्या उभ्या चकित झाली. तो हात कुठे गेला? तो तिचाच होता. तिने चप्पल काढली, आजूबाजूला पाहिलं आणि फांदी न उचलताच परत फिरली. पुळणीवर पर्यटकांच्या गाड्या होत्या, लाज वाटली.

अब्बा आले ते रजबच्या शेवटी, ईदला दोन महिने उरले असताना. मितेश या ओळखीच्या गाडीवाल्याबरोबर जुनेरा त्यांना आणायला विमानतळावर गेली. सामान थोडं होतं. एवढ्या वर्षांचं म्हणून बघायला गेलं तर फारच थोडं. पण एक खोका अब्बांनी ढकलगाडीवरही ठेवला नव्हता, छातीशी धरला होता. खोका मोठा होता. आत थर्माकोल असेल, तिने स्वतःला समजावलं, आजकाल सुई सुद्धा खोक्यात येते. मितेशने माणगाव-म्हसळ्याचा सरळ रस्ता धरायचा म्हटलं तर अब्बा ऐकेनात. "मला पाण्यावरनं घरी जायचं हाय," ते म्हणाले, आणि म्हणून गाडी अलिबाग-मुरूड करत आगरदांड्याला आली आणि दिघीच्या फेरीबोटीत चढली. अब्बा खोका घेऊन कठड्यापाशी गेले. त्यांचे केस किती पिकले ते तिने तिथे उन्हात पाहिलं. खाडीवर वारा होता, पाणी उजव्या हाताने मोकळ्या समुद्राकडे उघडत गेलं होतं. जुनेराने सवयीने अंगठा आणि तर्जनी डोळ्यांसमोर धरून त्यात ते बसवून पाहिलं. बसेना. किनारा बसवला तर आभाळ बाहेर, आभाळ घेतलं तर पाणी बाहेर, आणि कशाचंही काही न घेता नुसतं पाणी घेतलं तर ते तिच्या बोटांमध्ये निळी रेघ होऊन बसलं. तिने हात खाली केला. मग समोर जे होतं ते एकदम एवढं झालं की तिला कठडा धरावा लागला. इतकं मोठं रोज इथे असतं, आणि मी हे बोटांच्या चिमटीत धरून पनवेलला नेत होते, असं तिच्या मनात आलं. खोक्याबद्दल विचारायचा तिला धीर झाला नाही.

दुपारी जेवणं झाली, भेटायला आलेली माणसं पांगली, आणि अम्मीने मधल्या खोलीत चटई टाकली. अब्बांनी खोका स्वतः उघडला, चाकू न लावता, चिकटपट्टी नखाने सोडवत. काळी, चकचकीत, वाशीच्या टेबलावर होती तीच. तिन्हींतली मोठी. जुनेरा काही बोलण्याआधी अब्बांनी पाकिटातून तो पांढरा दोरा काढला आणि वरच्या कडेवर ताणून धरला. दोरा या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोबर बसला. त्यांच्या चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचं समाधान होतं, आणि जुनेरा रडायच्या बेतात होती. ही नव्हे, ती म्हणाली, मी लहान सांगितली होती, काहीतरी चुकलं. ती उठली, कपाटावरचा लहान पुठ्ठा घेऊन आली आणि पुरावा म्हणून काचेवर डावीकडे सरकवून ठेवला. पुठ्ठ्याच्या उजव्या बाजूला काचेची एक उभी पट्टी उरली.

अब्बांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं, दोऱ्याकडे पाहिलं, मग अम्मीकडे. अम्मी पुढे झाली, चटईवर गुडघे टेकले, आणि त्या उरलेल्या पट्टीवर आपली चार बोटं आडवी ठेवली. पट्टी भरली. बोटांच्या या बाजूला पुठ्ठ्याची कड होती आणि त्या बाजूला काचेची.

"वाढ धरली मी," अम्मी म्हणाली. "दर टायमाला धरतंच की."

जुनेरा म्हणाली, अगं अम्मी, तो बूट नाही, आणि मी सत्तावीस वर्षांची आहे.

"मग? थांबलीस काय वाढायची?"

हे ती टोमण्याने म्हणाली नव्हती. तिला खरंच ते जाणून घ्यायचं होतं, अशा नजरेने ती लेकीकडे बघत होती. जुनेरा त्या चार बोटांकडे बघत राहिली. रुंद, सांध्यांत जाड झालेली बोटं, तांदळाच्या पिठाचा पांढुरका डाग अजून नखाशी. पाटी म्हणजे काय, तिच्यावर काय काढतात, आत वीज असते की शाई, यातलं ओ की ठो अम्मीला माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की वस्तू पोरीसाठी आहे आणि पोचायला वेळ लागणार आहे. जुनेरा पुठ्ठे मांडीवर घेऊन जे ठरवत होती, आपल्यात एवढी जागा भरेल इतकं आहे का, ते अम्मीने कपबशा आत जाईपर्यंतच्या वेळात ठरवून कापून टाकलं होतं. बुटात कापूस कोंबता येतो, इथे काय कोंबायचं, असंही तिच्या मनात आलं आणि रडता रडता तिला हसू फुटलं.

"काढून दाखव की," अब्बा म्हणाले. "मी बघितलं न्हाय कधी."

तिने कडेचं बटण दाबलं, काच पांढरीशुभ्र उजळली, आणि तिने पेन घेतलं. अम्मीने बोटं उचलली, पण पुठ्ठा तसाच होता, म्हणून काढायला तेवढी पट्टीच मोकळी होती. जुनेराने त्या पट्टीत, उजव्या कडेपासून, पेन टेकवलं आणि डावीकडे रेघ ओढली. तिथे तिच्या हाताला कसलीच सवय नव्हती. कुंपण पुठ्ठ्याखाली होतं. रेघ पुठ्ठ्याच्या कडेशी आली तशी तिने डाव्या हाताने पुठ्ठा उचलून बाजूला टाकला आणि हात थांबायच्या आत पुढे गेली. मग मनगट संपलं, कोपर सुटलं, हात खांद्यापासून निघाला. ती गुडघ्यांवर आली, पाठ वाकली. काळी रेघ पेनाच्या टोकाखाली बरोबरीने धावत होती, जराही मागे राहत नव्हती, दाबलं तिथे जाड होत होती, आणि तिच्या खाली सगळीकडे पाणी होतं, अजून न काढलेलं, सगळं डोक्यात. खाडी उघडत होती. समुद्र माणसांच्या मागे नव्हता, तो आधी होता, माणसं मग येतील तेव्हा येतील. काच संपली हे तिला कळलंच नाही. हात डाव्या कडेवरून उतरून तसाच चटईवर गेला, पेन चटईच्या पात्यांवरून खरखरत पुढे, जिथे नजमुद्दीन मांडी मोडून, एक पाय पसरून, चष्मा कपाळावर न सरकवता बघत बसले होते.

त्यांनी पाय उचलला आणि रेघ खालून जाऊ दिली.